स्थिरावलेल्या टाकीत नवा मासा

घरगुती मत्स्यालयात नवा मासा सोडण्याची रूढ पद्धत बहुतेक हौशी मत्स्यपालकांना ठाऊक असते : दुकानातून आणलेली, तोंड बांधलेली प्लास्टिकची पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची आणि मग तिचे तोंड सोडून मासा टाकीत जाऊ द्यायचा. या रीतीने पिशवीतील आणि टाकीतील पाण्याचे तापमान जुळते, आणि ते जुळणे आवश्यकही असते. परंतु नव्या माशापुढे आणि टाकीतील जुन्या माशांपुढे उभ्या राहणाऱ्या धोक्यांपैकी तापमानातील फरक हा सर्वांत सहज लक्षात येणारा आणि बहुधा सर्वांत लहान धोका होय. उरलेले धोके पाण्याच्या रसायनात, फिल्टरमधील जीवाणूंच्या संख्येत, माशाच्या अंगावरून येणाऱ्या परजीवींत आणि टाकीतील जागेच्या वाटणीत असतात. ते काही तासांपासून चार आठवड्यांपर्यंतच्या काळात उलगडत जात असल्यामुळे मासा दगावला, की त्याचे खरे कारण क्वचितच ओळखले जाते आणि दोष सरसकट दुकानदाराच्या माथी जातो.

टाकी ‘स्थिरावली’ असे म्हणतात तेव्हा तिच्यातील एक अदृश्य जीवाणूसृष्टी प्रस्थापित झालेली असते. मासे आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः अमोनियाच्या रूपाने आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशांना अत्यंत विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि दगडांवर वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. मातीतील असे जीवाणू सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम नायट्रोबॅक्टर करतो अशी समजूत त्यानंतर दीर्घकाळ मत्स्यालयांच्या बाबतीतही होती; पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू करतात, हे १९९८ मध्ये पुढे आले. या गटातील काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानेच पार पाडतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. मत्स्यपालनाच्या छंदाशी निगडित वाटणारा हा विषय सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीनेही अजून जिवंत आहे, ही बाब येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

नव्या माशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या जीवाणूंची संख्या टाकीत रोज निर्माण होणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच टिकून राहते. सहा लहान मासे असलेल्या टाकीत एकाच दिवशी आणखी सहा सोडले, तर अमोनिया त्या दिवसापासून दुप्पट होतो; जीवाणूंना मात्र वाढायला वेळ लागतो, कारण नायट्रीकरण करणारे जीवाणू स्वभावतःच संथ वाढणारे असतात आणि नेहमीच्या कुजवणाऱ्या जीवाणूंची संख्या जिथे तासाभरात दुप्पट होऊ शकते, तिथे यांना अनुकूल परिस्थितीतही कित्येक तास, अनेकदा दिवसभर लागतो. मधल्या काळात साचणारा अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. त्यापाठोपाठ वाढणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्यास असमर्थ करते, त्यामुळे रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. म्हणून एका वेळी थोडेच मासे आणावेत, दोन खेपांत निदान दोन आठवड्यांचे अंतर राखावे आणि पहिले काही दिवस खाद्य हात राखून द्यावे. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे संच बाजारात मिळतात, आणि त्यांवर होणारा खर्च एखाद्या महागड्या माशाच्या किमतीपेक्षा सहसा अधिक नसतो.

मात्र फार जुनी टाकी ही नव्या टाकीइतकीच, किंबहुना काही वेळा तिच्याहून अधिक, घातक ठरू शकते. नायट्रीकरणाच्या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील अल्कता, म्हणजे विरघळलेल्या बायकार्बोनेटांची आम्ल शोषून घेण्याची क्षमता, हळूहळू संपवत जाते. अमोनियातील प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीची अल्कता खर्ची पडते. ज्या टाकीत महिनोन्‌महिने पाणी बदललेले नाही, केवळ बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरून भरले जाते, तिथे नायट्रेट आणि विद्राव्य क्षार वाढत जातात. मृदू पाण्याच्या टाकीत अल्कता संपली, की पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, सहाच्याही खाली घसरतो. अशा आम्लधर्मी पाण्यात नायट्रीकरण करणारे जीवाणू मंदावतात. जुने मासे या बदलाशी महिन्यांच्या अवधीत जुळवून घेत आलेले असतात, म्हणून ते धडधाकट दिसतात. नवा मासा मात्र हा सगळा फरक काही मिनिटांत झेलतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. ‘आमचे जुने मासे तर उत्तम आहेत, म्हणजे हा मासाच रोगट होता’ हा निष्कर्ष अशा वेळी स्वाभाविक वाटला तरी चुकीचा असतो. नवा मासा आणण्यापूर्वी तीन-चार आठवडे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलत राहणे हा त्यावरचा उपाय होय. एकदम अर्ध्याहून अधिक पाणी बदलणे मात्र धोक्याचे असते, कारण सामू अचानक वर गेला तर तोवर निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात साचून राहिलेला अमोनिया विषारी रूप धारण करतो.

विद्राव्य क्षारांचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या जलाशयांतून मिळणारे पाणी बरेच मृदू असते. दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट खडकातून उपसलेले बोअरवेलचे पाणी मात्र बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी युक्त असते. मुंबईतील दुकानातून आणलेला मासा मराठवाड्यातील बोअरच्या पाण्यात सोडला, तर त्याच्या शरीराला नेमके काय करावे लागते हे समजून घेतले पाहिजे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असल्यामुळे परासरणाच्या नियमानुसार पाणी सतत कल्ल्यांतून आणि त्वचेतून आत शिरत राहते. मासा ते विपुल आणि पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतील विशेष पेशींच्या साहाय्याने पाण्यातून परत मिळवतो. भोवतालच्या क्षारांचे प्रमाण बदलले, की या सगळ्या यंत्रणेचा वेग बदलावा लागतो आणि त्याला तासांचा, कित्येकदा दिवसांचा अवधी हवा असतो. जड पाण्यातून एकदम मृदू पाण्यात जाणे हे उलट दिशेच्या प्रवासापेक्षा सामान्यतः अधिक जाचक ठरते. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. निऑन टेट्रा, डिस्कस यांसारख्या अमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या जातींचे मूळ पाणी अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असते; मात्र आज विकले जाणारे यांतील बहुसंख्य मासे मत्स्यपैदास केंद्रांत वाढलेले असल्याने अधिक सोशिक असतात.

घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रामुळे आता घराघरांत पोहोचलेला, विद्राव्य क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर येथे फार उपयोगी पडतो. पिशवीतील आणि टाकीतील पाण्याचे आकडे जवळपास सारखे असतील, तर तापमान जुळवणे पुरेसे होते. फरक मोठा असेल, तर मासा पिशवीतील पाण्यासह स्वच्छ बादलीत ठेवून एअर पंपाच्या बारीक नळीने टाकीतील पाणी बादलीत थेंबाथेंबाने सोडण्याची रीत अवलंबली जाते. नळीला सैल गाठ मारली, की थेंबांचा वेग कमी-जास्त करता येतो आणि तासाभरात बादलीतील पाणी तिप्पट-चौपट होईल अशा बेताने तो ठेवला जातो.

या थेंब-पद्धतीला एक अपवाद आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे दूरवरून मागवलेले मासे सर्वाधिक सावधगिरी बाळगली जात असतानाच मरतात. चेन्नईतील कोळत्तूरसारख्या शोभिवंत माशांच्या मोठ्या केंद्रांतून निघालेला मासा ऑक्सिजन भरलेल्या, घट्ट बांधलेल्या पिशवीत चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ प्रवास करतो. या काळात त्याच्या श्वसनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पिशवीबाहेर जाऊ शकत नाही, तो पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी करतो आणि सामू खाली येतो. त्याच वेळी पाण्यात अमोनियाही साचत असतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो, आणि विद्युतभारित अमोनियम, जो बहुतांशी निरुपद्रवी असतो. या दोहोंचे परस्परप्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो, तर सामू ८ झाला की हाच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे बांधलेल्या पिशवीत साचलेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाचे विष जणू कुलपात ठेवतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, सामू वर चढतो, आणि पाण्यात कोणतीही नवी घाण न पडताही मुक्त अमोनिया काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढतो. अशा उघड्या पिशवीत वा बादलीत तासभर थेंब टाकत बसणे, आणि त्यात ‘माशाला हवा मिळावी’ म्हणून हवेचा दगड सोडणे, हे त्याला विषात बुडवून ठेवण्यासारखे असते. लांबच्या प्रवासाने आलेली पिशवी म्हणून बांधलेल्या स्थितीतच पाण्यावर तरंगत ठेवावी आणि तापमान जुळल्यावर ती उघडून मासा लगेच हलक्या हाताने पाण्याबाहेर काढून, आधीच तयार ठेवलेल्या टाकीत सोडावा. त्या टाकीचे पाणी शक्य तेवढे पुरवठादाराच्या पाण्याशी जुळते ठेवणे हेच खरे अनुकूलन होय. दुकान हाकेच्या अंतरावर असेल आणि मासा अर्ध्या तासात घरी पोहोचत असेल, तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. दोन्ही बाबतींत पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

आधीच तयार ठेवलेली ही दुसरी टाकी म्हणजेच विलगीकरणाची टाकी. नव्या माशाच्या बाबतीत करण्याजोग्या सर्व गोष्टींत विलगीकरण सर्वांत परिणामकारक आहे आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत कमी केले जाते, हे खेदाने म्हणावे लागते. त्याची गरज का असते, हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरून उत्तम कळते. हा रोग इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय केसलधारी परजीवीमुळे होतो. माशाच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे जे पांढरे ठिपके दिसतात, तो प्रत्येक ठिपका म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशींवर जगणारा एकेक परजीवी असतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो माशाला सोडतो, तळाशी किंवा वनस्पतीवर चिकटतो, स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतो आणि आत पुनःपुन्हा विभाजित होऊन शेकडो सूक्ष्म पिल्ले तयार करतो; ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत तो न मिळाल्यास मरतात. बहुतेक औषधे केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर परिणाम करतात. त्वचेखालील आणि आवरणातील परजीवी सुरक्षित राहतात. अंगावरचे ठिपके नाहीसे झाले म्हणून औषध थांबवले, की आठवडाभराने रोग दसपटीने परत येतो, तो याच कारणाने.

या चक्राचा वेग तापमान ठरवते. २५ अंशांच्या आसपास ते साधारण आठवड्यात पूर्ण होते, तर १० अंशांना त्याला महिन्याहून अधिक काळ लागू शकतो. नाशिक किंवा पुण्यासारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या रात्री हीटर नसलेल्या टाकीचे पाणी बरेच गार होते. त्यामुळे तिथे उष्णकटिबंधीय माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि परजीवीचे चक्रही लांबते, म्हणजे दोन आठवड्यांचे विलगीकरण पुरेसे वाटले तरी ते फसवे ठरू शकते. पाणी २६-२७ अंशांवर राखून तीन ते चार आठवडे विलगीकरण करणे अधिक खात्रीचे असते. या रोगातून वाचलेल्या माशांत काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होते, ही बाबही ध्यानात घ्यावी लागते. जुन्या टाकीतील मासे अंगावर मोजकेच परजीवी बाळगून निरोगी दिसत असतात आणि प्रवासाने थकलेला, प्रतिकारशक्ती नसलेला नवा मासा मात्र दोन दिवसांत ठिपक्यांनी भरून जातो. संसर्ग दोन्ही दिशांनी होऊ शकतो, आणि नव्या माशाला विलगीकरणात बळ धरायला मिळालेला अवधी त्यालाही तितकाच उपकारक असतो.

विलगीकरणाच्या टाकीला थाटमाट लागत नाही. तीस-चाळीस लिटरची काचेची वा प्लास्टिकची टाकी, हीटर, झाकण, लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर एवढे साहित्य पुरते. तळाशी वाळू न घातल्यास विष्ठा आणि गळून पडलेले परजीवी काढून टाकणे सोपे जाते. स्पंज मात्र महिनाभर आधीपासून मुख्य टाकीत ठेवलेला असावा, म्हणजे जीवाणू त्यावर आयतेच वाढलेले मिळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटच्या थेंबांनी, म्हणजे दुकानांत ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणाऱ्या द्रावाने, नाहीसे करता येते. या टाकीची जाळी, बादली आणि नळी मुख्य टाकीसाठी वापरू नये. रोज माशाचा श्वसनाचा वेग, परांची ठेवण, अंग दगडावर घासण्याची लकब, विष्ठेचा रंग यांवर नजर ठेवावी; कल्ल्यांतील कृमी, अंगात रुतणारा नांगर-कृमी, मखमली रोग यांची चिन्हे याच काळात प्रकट होतात. लक्षणे नसताना ‘खबरदारी’ म्हणून मेथिलिन ब्लू हे औषध ओतण्याची सवय मात्र टाळावी, कारण ते फिल्टरमधील जीवाणूंनाही मारक ठरू शकते. मत्स्यालयातील मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जीवाणू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून चिवट गाठी निर्माण करू शकतो, म्हणून हाताला ओरखडा असताना टाकीत हात घालू नये. नव्या वनस्पती आणि गोगलगायीदेखील परजीवींच्या चिकटलेल्या अवस्था वाहून आणू शकतात, हे सहसा विसरले जाते.

रोगाची शंका मिटल्यावर उरतो तो सहवासाचा प्रश्न. जुन्या माशांनी टाकीतील जागा आपसांत वाटून घेतलेली असते, आणि जागेवर आधीपासून असलेला मासा तेवढ्याच आकाराच्या आगंतुकाशी झालेल्या झटापटीत बहुधा सरस ठरतो, हे प्राणिवर्तनशास्त्रात अनेक जातींबाबत आढळले आहे. शेजाऱ्याची ओळख पटलेली असली, की त्याच्याशी वैर कमी होते. अनोळखी मासा दिसताच ते उफाळते. माशांना व्यक्तिगत ओळख नसते ही जुनी समजूत आता टिकणारी नाही, कारण आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातल्या एका सिक्लिड जातीचे मासे ओळखीचा आणि अनोळखी चेहरा त्यावरील रंगखुणांवरून वेगळा काढतात, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे सारे सिक्लिड कुळातीलच असल्यामुळे हा निष्कर्ष घरगुती टाकीशी दूरचा नाही. नवा मासा सोडण्यापूर्वी दगड, लाकूड आणि कुंड्या यांची मांडणी बदलली, तर जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सर्वांनाच नव्याने जागा शोधावी लागते; दिवा मालवून संध्याकाळी मासा सोडला आणि त्याआधी जुन्यांना खाऊ घातले, तर पहिले काही तास शांततेत जातात. झाकण मात्र घट्ट असावे, कारण पाठलाग झालेला मासा उडी मारून बाहेर पडतो. थव्याने राहणारे मासे सहा-आठच्या गटाने आणावेत. एकटा-दुकटा टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतो, हीच जात मोठ्या गटात आपसांतच गुंतून राहते. हद्द राखणारे मासे शेवटी सोडावेत.

मासा जाळीत पकडताना खवले निघू नयेत, ही काळजी केवळ जखमेच्या भीतीने घ्यायची नसते. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये असे वर्णन केले, की एका लहान नदीमाशाची त्वचा दुखावली, की तिच्यातून पाण्यात एक पदार्थ मिसळतो आणि त्याच्या वासाने थव्यातील इतर मासे भयभीत होऊन लपतात वा एकत्र गोळा होतात. बार्ब, टेट्रा, डॅनिओ आणि मार्जारमीन यांच्या मोठ्या समूहात ही क्षमता आढळते. जाळीत तडफडून घासला गेलेला नवा मासा सोडताच संपूर्ण टाकी अचानक दडून बसते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. पिशवीतून किंवा विलगीकरणातून मासा काढताना जाळीपेक्षा पाण्यासकट ओंजळीएवढ्या भांड्यात घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

इतके करूनही काही मासे एकमेकांशी जमवून घेत नाहीत, आणि अशा वेळी नको असलेला मासा जवळच्या नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडून ‘जीवदान’ देण्याची प्रवृत्ती आढळते. काचेवरील शेवाळ खातो म्हणून आणला जाणारा सकर मासा हाताएवढा वाढल्यावर असा सर्वाधिक सोडला जातो. मूळ दक्षिण अमेरिकेतील हा मासा ऑक्सिजन कमी पडल्यास पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ती शोषतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, आणि खवल्यांऐवजी असलेल्या हाडाळ पट्ट्यांमुळे इथल्या भक्षकांना सहज खाता येत नाही. पूर्व कोलकात्यातील पाणथळ प्रदेशात आणि केरळातील जलाशयांत तो आता रुजला आहे आणि मच्छिमारांची जाळी फाडतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९०८ मध्ये भारतात आणलेला आणि महाराष्ट्रातील आरोग्य विभाग आजही पाण्याच्या साठ्यांत सोडतात तो गप्पीसुद्धा परकाच मासा आहे. टाकीतील रंगीत गप्पी नदीत गेले, तर त्यांच्यासोबत परजीवीही जातात. नको असलेले मासे बरेच दुकानदार विनामूल्य परत घेतात, त्यामुळे मासा खरेदी करतानाच, तो पूर्ण वाढल्यावर किती मोठा होईल आणि गरज पडल्यास परत घेतला जाईल का, हे दोन प्रश्न विचारून ठेवावेत.